एकोणीस बायकांचा एक नंबर

उलव्याजवळच्या एका गावात सुनीता घरत आशाताई झाली, तेव्हा तिचा तोरा बघण्यासारखा होता. २०१२च्या सुमारास आरोग्य केंद्रात कॉम्प्युटरवर नोंदी सुरू झाल्या. गरोदर बायका आणि लहान पोरं त्यात नोंदवायची. लशीची तारीख आली की आईच्या मोबाइलवर मेसेज जाणार. पण नंबर टाकल्याशिवाय नोंद पुढे सरकेना आणि कित्येक बायकांकडे फोनच नव्हता. घरातला एकुलता फोन नवऱ्यासोबत होडीवर. सुनीताने डोकं चालवलं. एकोणीस बायकांच्या नावापुढे स्वतःचा नंबर दिला. मेसेज आला की जाऊन सांगू, हाकेच्या अंतरावर तर घरं! सगळे नंबर भरले म्हणून पनवेलच्या मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. सुनीताबाईंनी त्या लाजत लाजत, पण पुरेपूर घेतल्या.

सहा महिने ती खरंच दारोदार गेली, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. मग दिराचं लग्न निघालं. आमंत्रणांच्या धावपळीत आठवडाभर मेसेज न वाचता साचले. हळदीच्या दिवशी दारात डीजे, दोनशे माणसांचं जेवण आणि इनबॉक्स भरून अडलेला फोन! तिने सगळे मेसेज एकदम पुसून टाकले. त्यातच शकू कोळणीच्या तान्ह्या लेकीच्या, पूर्वीच्या, गोवरच्या लशीचा मेसेज होता. शकू तेव्हा मोऱ्याला माहेरी गेली होती.

दोन महिन्यांनी पूर्वीला गोवर झाला आणि न्यूमोनियावर गेला. पनवेलच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी धोका टळला. सुनीता भेटायला गेली, तेव्हा सिस्टर सगळ्यांदेखत शकूला फैलावर घेत होत्या. "मोबाइलवर मेसेज येतो ना? तरी लस चुकवलीस?"

"आला आसंल सिस्टर," शकू पुटपुटली. "माजाच चुकला."

सुनीता शरमेने अर्धी झाली. गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. तो मोह तिला झालाही, दाराकडे दोन पावलं वळलीसुद्धा. मग ती परत फिरली.

"सिस्टर, तिला नका बोलू. नंबर माजा हाय. मेसेज मना आलता, मी न वाचताच पुसला."

शकूने मान वर केली.

"ताई, त्याच आठवड्यात तुमी मोऱ्याला आलात ना," ती हळू आवाजात म्हणाली, "हलदीचा आवतान द्याला? पूर्वीला मांडीव घेऊन बसलात. तवा तरी सांगाचा व्हता."