भंडाऱ्यावर हात

तारामतीला फिट येते, ही आवई सोनारी गावात कुणी उठवली हे तारामतीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिच्या चुलत बहिणीनं, पद्मीननं. कुमारशी तारामतीची सुपारी फुटली होती, साडीसुद्धा आली होती. पण सोयरीक मोडली, आणि वर्ष उलटायच्या आत त्याच कुमारच्या गळ्यात पद्मीननं हार घातला. फिट-बिट काही नव्हतं. पण पोरीला एकदा असलं काही चिकटलं की मग कोण येतो बघायला? कुणी आलं नाही. तारामती रडली, रडून कंटाळली आणि दूध आटवायला शिकली. आज तिच्या भट्टीचा खवा पार बार्शीपर्यंत जातो आणि भैरवनाथाच्या यात्रेत तिच्या पेढ्यांच्या दुकानापुढं रीघ लागते.

पद्मीन मात्र तामलवाडीहून माहेरी आली की भट्टीच्या दारात उभी राहून हळहळायची. "बिचारी तारी! कमवती लई, पण खानार कोन?" मग स्वतःच्या संसाराचं कौतुक सुरू. आमचे हे माझ्याबिगर घास घेत न्हाईत, आमचे हे मला बाजाराला एकटी सोडत न्हाईत. तारामती निमूट ऐकायची. तोंड तिलाही होतं, पण नुसतं तोंड वाजवून तिचं समाधान होणार नव्हतं. तिला पद्मीनचं सगळं उघडं पडलेलं बघायचं होतं, चारचौघांत.

यंदा दिवाळी झाल्यावर पद्मीन आली ती पुतण्याचं स्थळ घेऊन, तारामतीच्या धाकट्या भावाच्या पोरीसाठी. समृद्धी नर्सिंग करून परंड्याच्या एका दवाखान्यात नुकतीच लागली होती. ती नको म्हणत होती. पण तिचा बाप बिराप्पा विरघळला होता. बागायत जमीन, पोरगा एकुलता, आणखी काय पाहिजे?

"नको काय, नको?" पद्मीन पोरीवर डाफरली. "तारीआत्यासारखं व्हायचंय का तुला? सांच्याला घरी यायचं आन् भिंतीशी बोलायचं?"

तारामती चहा घेऊन आली ती नेमकी तेव्हाच. तिच्या मस्तकात तिडीक गेली. तरी ती हसली, कारण पद्मीनचा हात देव्हाऱ्याकडं निघाला होता.

धनगराच्या घरात शब्दावर विश्वास बसेना झाला की बिरोबाचा भंडारा उचलतात. ती हळद मुठीत धरून खोटं बोलायची छाती कुणाची होत नाही. पद्मीननं चांगली मूठ भरून घेतली. "बिराप्पा, ह्या भंडाऱ्यावर सांगते, पोरगी आमच्या घरात सुखात ऱ्हाईल."

"उद्याचं कशाला सांगतीस? उद्याचं बिरोबाला ठावं," तारामती म्हणाली. "त्याच घरात तुझी हयात गेली. तू सुखात हायस, एवढंच सांग. भंडारा हातातच हाय."

"म्हंजी काय, हायच की मी..." पद्मीनची नजर मुठीवर गेली. ती मूठ मोकळी करायला देव्हाऱ्याकडं वळली.

"ठिवायचा न्हाय," तारामती म्हणाली. "उचललास न्हवं? बोल."

पद्मीननं मूठ आणखी आवळली. मग खाली बघून म्हणाली, "बोलत न्हाईत माझ्याशी. ताट ठिवायचं, उचलायचं. धाकटं पोर झाल्यापास्नं अंथरून बाहीर टाकत्यात. बाजाराला एकटी सोडत न्हाईत, कारण इस्वासच न्हाय माझ्यावर." एवढं बोलून ती चवताळली. "आन् तू? तू सुखी हायस व्हय? घे, तू बी उचल!"

तारामतीनं उचलला. 'लई सुखी' असं ठणकावून सांगायचं तिच्या ओठावर आलं होतं, पण हातात हळद होती.

"रोज न्हाय," ती म्हणाली. "तापानं फणफणले की वाटतं, कुनीतरी पानी द्यावं. कुनाची वरात गेली की अजून पोटात तुटतं. बाकी माझं बरं चाललंय. तुझ्या जागेवर मात्र मला एक दिस बी नको."

बिराप्पानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "ऱ्हाऊ दे हे स्थळ," तो म्हणाला. समृद्धीनं मोठा श्वास सोडला.

पद्मीन पिशवी घेऊन उठली. दारात तिचा पाय अडखळला. पिवळा पडलेला हात पदराला पुसत ती हळूच म्हणाली, "तारे, फिटचं म्याच सांगितलं हुतं."

"ठावं हाय मला."

"दोन दिस तुझ्याकडं ऱ्हाऊ का गं? घरी जावंसंच वाटंना."

हे तोंड असं उतरलेलं बघायला तारामती अर्धं आयुष्य थांबली होती. तिला दया आली नाही. उलट फार बरं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

"न्हाय," ती म्हणाली. "जा घरी. कुमारसाठीच तर केलं हुतंस सगळं."