शून्य आणि एकच्या मधला आकडा

कापसाचे भाव कोसळले होते आणि मी यवतमाळच्या कॉलेजात शिकवता शिकवता मोजक्या व्यापाऱ्यांमधल्या स्पर्धेवर प्रबंध लिहीत होतो. गाइड म्हणाले, ‘‘स्पर्धा आहे की नाही, असं विचारू नका. फझी सेट वापरा. किती आहे, ते शून्य आणि एकच्या मधल्या आकड्यात मागा.’’ मला ते धड कळलं नव्हतं, तरी एका गावात शेतकऱ्यांचा कापूस विकत घेऊन सरकी काढणाऱ्या तिन्ही जिनिंगवाल्यांकडे गेलो. पहिला म्हणाला, पॉइंट सात. दुसराही तेच म्हणाला. हा योगायोग की माझ्या प्रश्नातच खोट, मी चक्रावलो. तिसऱ्याने मलाच विचारलं, ‘‘त्या दोघायनं किती सांगतला?’’

मी सांगितलं.

‘‘मंग माह्याही तोच लिवा ना सर. कापसाचा भाव आमी असाच तं ठरवतो.’’