दोन्हीकडं फिरणारा पंखा

मला वाचवलं ते गिरणीशेजारच्या दुकानातल्या, जळालेल्या मोटारी भरणाऱ्या मावशींनी. हे आधीच सांगते, कारण पुढं माझीच रड जास्त होईल आणि त्या मागं राहतील.

दुकान त्यांच्या नवऱ्याचं. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की शेतकरी तिथं आणून टाकायचे. नवरा त्या खोलायचा आणि मावशी उंबऱ्याशी बसून लाकडी साच्यावर तांब्याची तार गुंडाळायच्या, ओठांतल्या ओठांत वेढे मोजत. दळणाला जाता-येता मी बघत उभी राहायची.

मी पाचवीतनं शाळा सोडलेली. वडूजच्या पलीकडं आमचं कोरडवाहू गाव. घरातलं एक ताट कमी व्हावं म्हणून मला सांगलीत एका बाईंच्या घरी कामाला ठेवलं होतं. गावात वीज नव्हती. पंखा मी पहिल्यांदा पाहिला तो बाईंच्या मधल्या खोलीत, आणि पहिले कितीतरी दिवस त्याच्याखालून जाताना मी मान आत घ्यायची.

त्या चैत्रात मी तो ओल्या फडक्यानं पुसला. दोन-तीन दिवसांनी बटण दाबलं तर नुसता गुंऽऽ आवाज, पाती जागची हलेनात. जळमटं काढायच्या काठीनं एक पातं हळूच ढकललं, तर पंखा फिरला! मंद, पण फिरला. तेव्हापासनं बाई दुपारी आडव्या व्हायच्या आधी मी काठीनं पंखा चालू करून ठेवायची. आठ दिवस असं चाललं. मग एकदा घाईत उलट्या बाजूनं ढकललं गेलं आणि तो उलटा फिरायला लागला. वारा खाली येईना. मी काठी टाकून हात जोडले. वाटलं, माझ्या फडक्याच्या पाण्यानं ह्याचं डोकं फिरलं.

त्याच दिवशी पत्र आलं. बाईंची लेक बाळंतपणाला दुसऱ्या दिवशी येणार होती, आणि तिची खाट मधल्या खोलीत, पंख्याखाली. बाई डिंक-खोबरं आणायला बाजारात गेल्या. मला एवढंच दिसत होतं: उद्या हे उघडं पडणार, मला घरी पाठवणार, आणि ते एक ताट आईला पुन्हा मांडावं लागणार. कडी लावली आणि दुकानाकडं पळाले.

"मालक मळ्यावर मोटार काढाय गेल्यात," मावशी तार गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या. "काय झालं गं?"

मी फडक्यासकट सगळं सांगितलं.

"उलटाबी फिरतोय?" त्यांचा हात थांबला.

"व्हय."

"मग रडतीस कशाला? चांगलं लक्षण हाय की."

पत्र्याच्या डब्यात त्यांनी जरा उचकापाचक केली, काहीतरी काढून पिशवीत टाकलं आणि निघाल्या. बाईंच्या दाराशी मात्र थांबल्या. "पुढनं येऊ का मागनं?"

त्यांच्या दुकानात बुद्धाची तसबीर होती. असं विचारायची पाळी त्यांच्यावर का येते, ते मला ठाऊक होतं. "पुढनंच या," मी म्हणाले. पण म्हणायच्या आधी रस्त्यावर कोण बघतंय ते पाहून घेतलं.

टेबलावर स्टूल ठेवून, पदर खोचून मावशी वर चढल्या. आधी बंद पंख्याचं पातं बोटानं फिरवलं. "बेरिंग मोकळं हाय. दाब बटण." गुंऽऽ. एका बाजूला ढकलला, फिरला. बंद करून थांबवला, दुसऱ्या बाजूला ढकलला, तिकडं फिरला.

"बघ. मोटार जळली असती तर कसाबी ढकल, हलला नसता. ह्याला पयला धक्का देणारा तेवढा मेलाय. त्यो नसला की ह्याला कळत न्हाई कुठं जायाचं. ढकलंल तिकडं जातोय, न्हाईतर जाग्यावर कण्हत बसतोय."

"माझ्यासारखाच," माझ्या तोंडून निघून गेलं.

"बया! पंख्याची भन व्हय तू?" म्हणून त्या एवढ्या हसल्या की स्टूल हललं.

मग खाली उतरून त्यांनी मेनचा फ्यूज काढला आणि कनवटीला लावला. "ह्यो माझ्यापाशी. मधीच कुणी घातला तर मला छताला टांगून घेऊन जावं लागंल." पुन्हा चढून पंख्याच्या डोक्यावरची वाटी वर सरकवली. आत एक काळी डबी, तिला दोन तारा. "ह्यो कंडेन्सर." तिच्या दोन्ही टोकांना त्यांनी आधी पेचकस टेकवला. "मेलेला हाय, पर भरवसा न्हाई. बटण बंद केलं तरी कवा कवा पोटात करंट धरून बसतोय."

बंद केल्यावरही पोटात वीज धरून ठेवणारी डबी! त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. बुडाला फुटली होती, मेणासारखं काही ओघळून वाळलं होतं. नवी डबी तिच्याशेजारी धरून त्यांनी नखानं एकेक आकडा जुळवला. "लिवलेलं मला येत न्हाई. आकडं वळखते."

मी पाचवीपर्यंत शिकलेली. मला त्यावरच्या इंग्रजीतलं एक अक्षर कळत नव्हतं.

"फडक्यानं गेला का हो?"

"न्हाई गं. ह्याचं वय झालतं. पर परत वल्या फडक्यानं पुसलास तर मीच येऊन फटकं देईन."

फ्यूज बसला. मी बटण दाबलं. काठी नाही, हात नाही. पातं जरासं हललं, मग त्याला जणू रस्ता आठवला आणि तिन्ही पाती मिळून एक गोल झाली. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. एवढ्याशा डबीतनं पंख्याला दिशा कळते, हे बघत मी तोंड उघडं टाकून उभी राहिले. मावशी कधी निघाल्या ते नीट कळलंसुद्धा नाही.

बाई आल्या, खाटेवर टेकल्या. "आज वारा बरा लागतोय गं." मला राहवलं नाही. काठी, फडकं, मावशी, सगळं सांगून टाकलं. त्यांनी उठून बटण एकदा बंद करून पुन्हा चालू केलं.

"आठ दिवस लपवलंस. पुन्हा असं केलंस तर मात्र ठेवणार नाही." मग म्हणाल्या, "चहा तरी दिलास का त्यांना?"

"घाबरून विसरले."

ते अर्धंच खरं होतं. मावशी फ्यूज बसवत होत्या तेव्हा चुलीपर्यंत मी गेले होते. कुठल्या कपात द्यायचा ते ठरेना, म्हणून आधणच ठेवलं नाही. ज्या हातांनी माझं ताट वाचवलं, त्यांना मी कप दिला नाही.

आता मी साताऱ्याला संसारात आहे. घरात पंखा नाही अजून. कप आहेत. मावशी, एक दिवस सांगलीला येईन आणि तुम्हाला माझ्या घरी घेऊन जाईन. पुढच्या दारानं आत नेईन, रस्त्यावर कोण बघतंय ते न बघता, आणि मी पिते त्याच कपात चहा देईन.