आत्याचं जर्मन नाव

वाळल्या मिरचीचा तिखट वास आला की मला भिवापूरची आत्या आठवते. माझ्या धाकट्या बहिणीच्या नामकरणाला ती मिरच्यांचं गाठोडं घेऊन नागपूरला, आमच्या घरी आली होती. बाबा तेव्हा हौसेनं जर्मन शिकत. जुन्या पुस्तकांत मिळालेला जर्मन नावांचा कोश उघडून ते मुलामुलींची नावं अर्थासकट वाचत होते आणि आम्ही पोरं खिदळत होतो. आई म्हणाली, “काहून, आपले नावं सरले काय?” बाबांनी पुढचं वाचलं, “बेर्टा, म्हणजे तेजस्वी.” मिरच्यांचे देठ खुडणारे आत्याचे हात थांबले. “हे नाव मले दे ना गा, भाऊ,” ती हळूच म्हणाली. चौथीही मुलगीच झाली म्हणून आजोबांनी तिचं नाव कचरा ठेवलं होतं आणि सारं गाव तिला त्याच नावानं हाक मारायचं. आमचं हसू विरलं. बाबा म्हणाले, “घे बाई. आजपासून तू बेर्टा.” त्यांनी तिला पुन्हा कधी कचरा म्हटलं नाही, सासरी मात्र ती कचराबाईच राहिली, असं मी समजत होते. मागच्या महिन्यात आत्या गेली. तिच्या मुलानं पाठवलेल्या तेरवीच्या पत्रिकेवर नाव होतं, बेर्टाबाई. मी फोन केला, तर तो म्हणाला, “मायनंच सांगून ठेवलं होतं, ताई.”