मिलीचं हवेशीर घर

किस्से कुणी जमवत नाही, ते साठतात. आमच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, रिकामी खोकी साठतात ना, तसे. कुणी ठेवली, कधी ठेवली, कुणालाच आठवत नाही, पण दार उघडलं की अंगावर येतात! जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या आमच्या मराठी मंडळींत कुणाकडेही जेवायला गेलो, की पहिली भजी तळून यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ए, तुमच्या त्या पालीचं सांग ना!"

मी सांगते. सगळे पोट धरून हसतात. शेवटचा किस्सा मात्र मी कधी सांगत नाही. आज सांगून टाकते, एकदाचं.

*

आमची ईरा तेव्हा अकरा वर्षांची होती. इथे चौथीनंतर मुलांच्या शाळा बदलतात, वर्ग फुटतात. तिची जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या शाळेत गेली आणि आमची पोरगी जेवणाच्या टेबलावर बोलायचीच बंद झाली. मी मराठीत विचारायचे, "काय झालं गं आज शाळेत?" ती जर्मनमध्ये म्हणायची, "निक्स." काही नाही. रोज काही नाही! मला त्या शब्दाची धडकी भरायला लागली होती.

मग एक दिवस ती वरणभातापासून ताकापर्यंत सलग बोलली. विषय होता लेपर्ड गेको. म्हणजे पिवळी, ठिपक्यांची, जमिनीवरून चालणारी पाल. तिला पापण्या असतात, ती शेपटीत चरबी साठवते, ती भिंतीवर चढत नाही, वगैरे वगैरे. मी घास हातात धरून ऐकत होते. लहानपणापासून मला पाल दिसली तरी शिरशिरी येते. पण त्या दिवशी मनात आलं, पाल तर पाल! पोर बोलतेय ना!

गणपतीच्या जेवणाला ही बातमी फुटली. माझी मैत्रीण सुमेधा हातातली वाटी खाली ठेवून म्हणाली, "अगं, आम्ही कोथरूडला अंड्याची टरफलं टांगून पाली घालवायचो. तुम्ही विकत आणणार?"

"विकत आणणार, आणि तिच्यासाठी घर बांधणार," मी म्हणाले.

"बरं आहे बाई. आम्हाला इथे अजून भाड्याचं मिळत नाहीये!"

*

घर बांधायचं काम माझ्या नवऱ्याकडे, महेशकडे आलं. महेश गाड्यांच्या एसीवर काम करतो. मागच्या सीटवरच्या माणसाच्या गुडघ्याला किती गार वारा लागावा, हे ठरवणारा इंजिनिअर! त्यामुळे एका काचेच्या पेटीचं तापमान म्हणजे डाव्या हातचा मळ, असं आम्हाला वाटलं.

पेटीचं एक टोक गरम हवं, दुसरं गार. महेशने दिवा लावला, थर्मोस्टॅट लावला, सेन्सर लावले, आणि इतकं फर्स्ट क्लास इन्सुलेशन केलं की दोन्ही टोकं सारखीच तापली. मग त्याने छोटा पंखा बसवला. दोन्ही टोकं सारखीच गार झाली. आठवडाभर तो ऑफिसमधून येऊन बूट न काढता पेटीसमोर बसायचा.

शेवटी ईरा म्हणाली, अर्थात जर्मनमध्ये, "पापा, सगळीकडे छान नको आहे. गरम हवं की गार, ते तिचं तिला निवडता आलं पाहिजे."

आमच्या घरात ही सोय अजून कुणालाच मिळालेली नव्हती.

*

त्यानंतर मागची भिंत. इथले लोक ती थर्माकोलची कापून, वर टाइल्स चिकटवायचा लगदा लावून घरीच करतात. अगदी खडकासारखी दिसते. महेशने बाल्कनीत बसून थर्माकोल कापायला घेतलं आणि त्याच्या अंगात दिवाळीचा किल्ला संचारला! आधी एक बुरुज झाला, मग तटबंदी, मग महादरवाजा, मग पायऱ्या. वर भगव्याची काठी रोवायला भोकसुद्धा! नाशिकला गल्लीत याच्या किल्ल्याला बक्षीस मिळायचं म्हणे.

ईरा बघून म्हणाली, "पापा, ही बुर्ग आहे." किल्ला!

"गेनाऊ! अगदी बरोबर!" महेश छाती फुगवून म्हणाला. "आणि आत बघ, दोन खोल्या. चांगल्या ऐसपैस, हवेशीर!"

ईराने कपाळाला हात लावला. गेकोला फट लागते. पाठीला वरचा दगड लागला पाहिजे, पोटाला खालचा, तेव्हा कुठे तिला सुरक्षित वाटतं. पण हवेशीर नसलेलं घर महेशला कळतच नाही. त्याने किल्ला ठेवला.

मिली आली. ज्या बाईंकडून आणली त्या फ्राऊ आयग्नर वर्षानुवर्षं गेको वाढवतात. त्यांनी तिला अलगद आत सोडलं. मिलीने महादरवाज्यात डोकं घातलं, दोन्ही खोल्या पाहिल्या, बाहेर आली, आणि कोपऱ्यात चुकून राहिलेल्या टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीत जाऊन बसली.

ती तिथेच राहिली. किल्ला रिकामा!

*

ऑक्टोबरात सासूबाई नाशिकहून राहायला आल्या. आल्या आल्या फ्रिज उघडला. श्रीखंडाच्या शेजारी एक डबी होती. आईंनी झाकण काढलं. आत भुश्यात वळवळणाऱ्या अळ्या! मिलीचं जेवण ते, गारव्यात टिकतं.

आई ओरडल्या नाहीत. झाकण लावलं, हात धुतले, आंघोळ केली, आणि मग मला विचारलं, "अगं, हे इथलं तुमचं खाणं आहे का?"

दुसऱ्या दिवसापासून फ्रिजचा सगळ्यात वरचा कप्पा आईंचा झाला. तिकडे आमचा हातही लागायचा नाही.

पण मिलीकडे त्या बघत राहायच्या. एकदा मी संध्याकाळी आले तर पेटीत केळीच्या पानाच्या तुकड्यावर भिजवलेली मुगाची डाळ ठेवलेली. "सवय लावली की लागते," आई म्हणाल्या. "महेशला नाही का कारल्याची लावली?"

मिली डाळीवर बसून झोपली होती.

*

मग मिलीने कात टाकली. हे मात्र बघण्यासारखं असतं. आधी ती पांढरीफटक पडते, मग ओलसर मॉस, म्हणजे शेवाळ, भरलेल्या डबीत शिरते, मोज्यासारखी कातडी ओढून काढते आणि खाऊन टाकते. आई म्हणाल्या, "वाया काही घालवत नाही, संसारी आहे."

पण महेशने त्या डबीलाही भोकं पाडली होती. हवेशीर! मॉस वाळलं होतं. मिलीच्या बोटांवर कातडीची वळी तशीच चिकटून राहिली, घट्ट दोऱ्यासारखी. काढली नाही तर बोट झडतं. ईरा रडकुंडीला आली. माझा हात त्या पालीला लागेना, महेश इंटरनेटवर उपाय शोधत बसला.

आईंनी पदर खोचला. कोमट पाण्यात कापूस भिजवला. ईराने मिलीला तळहातावर धरलं आणि आई एकेक बोट पुसत राहिल्या, चष्मा नाकावर. "हं, झालं हं बाई, झालं," असं मिलीशी बोलत. पालीशी! सगळी बोटं मोकळी झाली तेव्हा ईराने आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही.

त्या दिवसापासून मिलीला आई 'आमची बाई' म्हणायला लागल्या. शाळेतून आली की ईरा दप्तर टाकून आजीशेजारी जमिनीवर बसायची. एक जर्मन बोलायची, एक मराठी. तरी दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. इतकं बरं चाललं होतं की मला भीती वाटायची.

*

नोव्हेंबरात फ्राऊ आयग्नरबाईंचा फोन आला. "आल्झो, तर मग, आता विंटररूहे."

विंटररूहे म्हणजे हिवाळ्याची झोप. दिवा हळूहळू कमी करायचा, खाणं बंद करायचं, पोट रिकामं झालं की पेटी गार ठेवायची. त्यांच्याकडच्या गेको दर हिवाळ्यात अशाच झोपतात, वसंतात ताज्यातवान्या उठतात. महेशने अगदी सांगितल्याप्रमाणे केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं तापमान अचूक जमलं!

आईंना हे पटेना. "थंडीत दिवा बंद? आणि वर उपाशी?"

महेशने समजावलं. "आई, गारठ्यात तिचं पोट काम करत नाही. खाल्लेलं पचत नाही, आत कुजतं. पाणी तेवढं ठेवायचं."

"बरं बाबा," आई म्हणाल्या. "तुम्ही शिकलेले."

आम्ही दोघं ऑफिसला जायचो, ईरा शाळेत. घरात आई आणि मिली. बाहेर चार वाजता अंधार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आई दोन स्वेटर घालून पेटीपाशी जप करत बसायच्या. जेवताना एकदा म्हणाल्या, "डोळे उघडून बघते हो माझ्याकडे. दारात आलेल्याला आपण कधी विन्मुख पाठवलं नाही. ही तर घरातली."

मी म्हणाले, "आई, झोपलीये ती." आणि पोळी वाढून घेतली.

*

मिलीचं पोट फुगलं ते ईरानेच पाहिलं. मग मिलीने मान उचलायचं सोडलं. शनिवारी सकाळी आम्ही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आईंनी मागे राहायला साफ नकार दिला. गाडीत मिलीचा डबा त्यांनी शालीखाली पोटाशी धरला होता. "हीटर वाढव रे," त्या महेशला सारख्या सांगत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, दोन इंजेक्शनं दिली, बराच वेळ खटपट केली. मग हातमोजे काढले आणि टेबलावरचा छोटा टॉवेल मिलीवर ओढला.

ईराने टॉवेलची एक कड नीट केली.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. पोटात अळ्याच अळ्या होत्या, न पचलेल्या. आवाज न चढवता त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, "दोन वर्षं म्हणजे हिचं काहीच वय नाही. वीस वर्षं जगली असती. हिवाळ्याच्या झोपेत हिला कुणीतरी खायला घालत होतं. पुष्कळ दिवस. त्यानेच गेली. कोण घालत होतं?"

महेशने भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्या डोळ्यांसमोर आई आल्या. किडामुंगीही न मारणाऱ्या, त्या डबीला हात लागला म्हणून आंघोळ करणाऱ्या आई. घरात कुणी नसताना चिमट्यात एकेक अळी धरून, पेटीत वाकलेल्या.

आईंना जर्मनचा एक शब्द कळत नव्हता. त्या रिकामा डबा शालीत धरून सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होत्या.

"काय म्हणतात गं डॉक्टर?"

मी तोंड उघडलं. पण ईरा माझ्या आधी वळली. तिने एकदा एक्स-रेकडे पाहिलं, मग आजीकडे, आणि शब्द शोधत, चक्क मराठीत म्हणाली, "म्हणतात... ती खूप म्हातारी होती, आजी."

आईंनी डोळ्यांना पदर लावला.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "चालायची बघ कशी, गुडघे दुखल्यासारखी. तरी बरं, शेवटी शेवटी पोटभर जेवली."