ओठांतल्या टाचण्या

पन्नाशी उलटल्यावर मी पोहायला शिकायचं ठरवलं, तेव्हा आमचे हे मशीनवरून मान न उचलता म्हणाले, “आता ह्या वयात पाण्यात पडून काय दिवे लावणार? सुम्ने, उगीच गुडघे मोडून घेशील.” झालं! पाण्याला मी मनातून भीत होते, पण एवढं ऐकल्यावर माघार कुठली?

इकडे कानडी मुलखात, सरस्वतीपुरमला आमचं दोघांचं शिवणाचं दुकान. दुपारी लेकीच्या स्कूटरवर मागे बसून मी बायकांच्या बॅचला जायची. हात चालले, पाय चालले, श्वास काही जमेना. फ्रीस्टाइलमध्ये तोंड पाण्यात, आणि मान बाजूला वळली की श्वास घ्यायचा. माझी मान वळायची आणि नाकात पाणी जायचं. टाळूपर्यंत झिणझिण्या, खोकला, आणि मी अर्ध्या वाटेत उभी.

“बायि बिडी अम्मा, बायि बिडी!” शिकवणाऱ्या मॅडम काठावरून कन्नडात ओरडायच्या. तोंड उघडा! माझा पारा चढायचा. उघडतेच आहे की!

शेवटच्या दिवशी जी न थांबता पलीकडे जाईल तिला पुढची बॅच, बाकीच्यांनी पुन्हा उथळ पाण्यात, शाळकरी पोरींबरोबर. त्या मला अज्जी म्हणायच्या. तिथं परत जाण्यापेक्षा मी पोहणंच सोडलं असतं.

आदल्या संध्याकाळी दुकानात एक बाई ब्लाउजच्या गळ्यावरून माझं डोकं खात होती. ओठांत टाचण्या, त्यामुळे मी नुसती “हूं, हूं” करत होते. बाई गेल्यावर लेक म्हणाली, “अय्यो आई, पाण्यात पण तू अश्शीच असतीस! टाचण्या धरल्यासारखी!”

आरशात पाहिलं. खरंच की! लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, टाचण्या तोंडात असताना तोंड उघडायचं नाही, नाकानं श्वास घ्यायचा. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की मी पाण्यातही दुकानच चालवत होते.

दुसऱ्या दिवशी पाण्यात तोंड घातलं आणि त्या ब्लाउजवाल्या बाईला उत्तर देऊ लागले. हूंऽऽ... नाकातून बुडबुडे निघाले. मान वळली तशी लेक काठावरून ओरडली, “टाक टाचण्या!” मी टाकल्या. तोंडभर हवा आत आली. पुन्हा हूंऽऽ, पुन्हा हवा. हाताला पलीकडची भिंत लागली तेव्हा मला आनंदानं रडूच फुटलं.

ओल्या केसांनी तशीच दुकानात गेले. हे एका कोटाच्या बाहीला टाचण्या लावत होते, बाकीच्या ओठांत. काय झालं, म्हणून त्यांनी नुसत्या भुवया उडवल्या.

“गेले पलीकडे! न थांबता!”

“आँ?” त्यांचं तोंड उघडलं आणि टाचण्या खळ्‌कन फरशीवर सांडल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडातून एक टाचणी पडलेली मी पाहिली नव्हती. मग दोघंही खाली बसलो आणि हसत हसत त्या वेचत राहिलो.