उंबऱ्याबाहेरचा आरोपी

निवृत्तीनंतर माझ्या बऱ्याच केसेस एकमेकींत मिसळून गेल्या. भाणाच्या चोरीची केस मात्र अजून जशीच्या तशी उभी आहे. गोवा मुक्त होऊन काही वर्षे झाली होती. मी डिचोली भागात फौजदार होतो. तेव्हा माझ्या मिशा अशा होत्या की मी बाजारात शिरलो की बांगड्याचा भाव आपोआप उतरायचा. ठाण्याची जीप मात्र चढावर आम्हांला नेत नसे, आम्हीच तिला नेत असू.

काजूचा हंगाम होता. एका भाटकाराच्या, म्हणजे बागाईतदाराच्या घरातून तांब्याचे भाण गेले. भाण म्हणजे काजूची दारू गाळायचे भांडे. हे एवढे मोठे की आत नवरा-नवरी बसवून अक्षता टाकाव्यात. खबर घेऊन भाटकाराचा भाचा आला. तो त्याच घरात राहायचा.

"वानरमाऱ्याक भाण डोक्यार घेवन जाताना मी बघलंय," तो म्हणाला.

वानरमारे म्हणजे बागांच्या कडेला झोपड्या घालून मजुरीवर जगणारी आदिवासी मंडळी. त्याने दाखवलेला माणूस आम्ही ठाण्यात आणला. जबाबात तो एकच सांगे, "माका ठावक नाय." माझा हवालदार म्हणाला, "साहेब, ह्यांच्या रक्तातच आहे. दोन लावल्या की कबूल होईल." मी हवालदाराला चहा आणायला पिटाळले. तिकडे भाटकाराने जाहीर केले होते, हा कबूल झाला की सगळ्या झोपड्या उपटून टाकणार. त्यांतल्या एका झोपडीत याची बाळंतीण बायको होती.

मला एक गोष्ट खटकत होती. भाण ठेवलेल्या कोठीचे कुलूप फुटलेले नव्हते. किल्लीने उघडले होते आणि किल्ली परत जागेवर ठेवली होती. मी पंच घेतले आणि आरोपीला घटनास्थळी नेले. "दाखव, कसा शिरलास." तो अंगणाच्या कडेला थांबला, पुढे पाऊल टाकेना. तेवढ्यात भाटकारीण दारात आडवी उभी राहिली.

"साहेब, तेका भायरच ठेवा. आत देव आसत."

"आधी कधी आत आला नाही?"

"सासऱ्याच्या काळापासून ह्यांचो पाय आमच्या उंबऱ्याक लागूक नाय."

"कोठीची किल्ली कुठे असते?"

"देवघरात, समईच्या मागे."

"मग ज्याने तुमचे देवघर पाहिले नाही, त्याने किल्ली काढली कशी आणि परत तिथेच ठेवली कशी?"

भाटकार म्हणाला, "ह्यांका जादू येता." मी म्हटले, "जादू येत असती तर झोपडीवर कौले नसती चढली?"

देवघरात जाणारे कोण कोण, असे विचारताच बाईची नजर भाच्याकडे गेली. मी भाच्याला भाण कोणत्या वाटेने गेले, एवढेच पुन्हा विचारले. त्याने ठाण्यात सांगितलेली वाट सोडून दुसरीच सांगितली. पुढचे काम सोपे होते. भाच्याने विकलेले भाण वाळपईच्या एका तांबटाकडे मिळाले.

लगेच भाटकार ठाण्यात हजर. "पोर आसा साहेब, चूक झाली. तक्रार मागे घेतंय." सकाळपर्यंत ती चोरी होती, भाच्याचे नाव येताच चूक झाली. मी प्रकरण कोर्टात धाडले.

वानरमाऱ्याला म्हटले, "जा घरी." तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"सायबानू, फुडल्या चोरीक मी आपणच येव, काय जीप धाडशात?"

त्यात टोमणा नव्हता. बस किती वाजता सुटते, असे विचारावे तसे त्याने विचारले.

हा आकस कधी संपेल का, असे लोक मला विचारतात. मी आयुष्यात पुष्कळ बाता मारल्या, पण संपेल असे शपथेवर सांगणार नाही. कायदा माणसाला कोठडीतून सोडवतो, लोकांच्या संशयातून नाही. मी एवढेच केले की त्यानंतर कुणी फिर्यादी वानरमाऱ्याचे नाव आधीच ठरवून आला, तर पेन उघडण्याआधी त्याला विचारी, "त्याला तुम्ही घरात कुठवर येऊ देता?" उत्तर बहुधा "अंगणापर्यंत" असेच येई. आणि तरी फिर्यादी म्हणे, "नाव तेच लिवा."